हुक लावू नये

रेक्झिन उन्हात मरतं. सावलीतही मरतं, फक्त जरा सावकाश.

*

स्थळ म्हणून आलेल्या वीरेशच्या फोटोत वीरेशपेक्षा त्याच्या मागचं हार्डवेअरचं दुकान जास्त स्पष्ट आलं होतं.

*

कावेरीकडे केस वाळवायचं मशीन होतं. ते तिनं केसांना एकदाही लावलं नव्हतं.

*

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. बसवतात. मल्लिनाथ कुशनवाले चाळीस वर्षं लोकांच्या सीटा शिवून शेवटी स्वतः मातीत मांडी घालून बसले, तेव्हा त्यांच्या पाठीला काही टेकायला नाही, हे फक्त त्यांच्या मुलीच्या, कावेरीच्या, मनात आलं.

*

फियाटच्या मागच्या सीटवर तीन माणसं बसतात. आडवं केलं तर एक.

*

दोर तुटला तो मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, वडवणीत, बरोबर कावेरीच्या दुकानासमोरच्या गतिरोधकावर.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक जुनी फियाट होती. दोर तुटल्यावर ती हातभर मागं सरकली आणि ट्रॉलीच्या फळीला टेकून थांबली. ट्रॅक्टरवरचा माणूस खाली उतरला, तुटलेलं टोक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. घाई नसल्यासारखा. मग दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणाला, "दोर हाय का?"

मशीनवरून मान वर न करता कावेरीनं सांगितलं, "हे कुशनचं दुकान हाय. दोर पुढं, आडतीपशी."

"मग तुमच्याकडं काय हाय?"

"पट्टा हाय. सीटबेल्टचा. लई वजन धरतंय."

"गाडी धरंल?"

"गाडी धरंल," ती म्हणाली आणि आता मात्र तिनं मान वर केली, "माणसाचं सांगता येत न्हाई."

तो हसला नाही. पण त्याच्या कपाळावरची एक आठी, जी बहुतेक त्याच्या गावापासून, नांदूरघाटपासून, तशीच आलेली होती, ती जरा... सुटल्यासारखी झाली. कावेरीनं ते पाहिलं. पाहायला नको होतं.

पट्टा द्यायला ती बाहेर आली आणि सवयीनं ट्रॉलीच्या फळीवर चढून गाडीच्या काचेतून आत डोकावली. पुढच्या सीटचं रेक्झिन मातीच्या रंगाचं झालेलं. चालकाच्या बाजूला आठ बोटांची चीर. सीटच्या बिजागरीवरचं प्लास्टिकचं झाकण दोन ठिकाणी तडकलेलं, उन्हानं पांढरं पडलेलं. मागच्या सीटवर पांढरं काहीतरी अंथरलेलं.

तिनं विचारलं, कुठं चालली. तो म्हणाला, माजलगावला, भंगारात. तिनं विचारलं, कावून. तो म्हणाला, वडील म्हणतात, दारात मढं नको.

"मेली न्हाई अजून," कावेरी म्हणाली. "नुसती वाळलीय."

तिनं चालकाच्या सीटचा गोट दोन बोटं उसवून दाखवला. गोट म्हणजे शिवणीवरची ती जाड दोरीसारखी कडा. तिच्या आत रेक्झिनची दुमडलेली पट्टी असते, तिला कधीच ऊन लागलेलं नसतं. पट्टी उलगडली तसा आतून रंग निघाला. डाळिंबी. गर्द, ओला वाटावा असा.

तो माणूस खिडकीत हात घालून उभा होता. त्या दोन बोटं रंगाकडं त्यानं इतका वेळ पाहिलं, की मागं एक एसटी भोंगा वाजवत थांबली.

"हाच व्हता," तो म्हणाला.

*

चहाच्या टपरीवरची सहा माणसं आणि दोन फळ्या लावून गाडी खाली उतरवली. तो उतारावर गाडीच्या बाजूनं चालत आला. खिडकीतून हात घालून त्यानं स्टिअरिंग धरलं, वळवलं, गाडी नेमकी दुकानाच्या पत्र्याखाली आणून लावली.

आत बसला नाही.

*

नाव विचारलं तर हनुमान. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात फिटर, दुपारपाळी. तिसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला, मग त्याच्या तिसऱ्या दिवशी, मग रोजच. वडवणी वाटेवरच लागते, असं तो म्हणायचा. लागत नव्हती. तो कारखान्याच्या वसाहतीत राहायचा.

नावावरून ती त्याला सोडायची नाही. असं नाव ठेवल्यावर लग्न कसं जमायचं, घरच्यांनी आधीच ठरवून टाकलं म्हणायचं. शनिवारी तेल घालू का? तो एकदाच उलट बोलला. आमच्या गावात हनुमान सात आहेत, म्हणाला, सहांची लग्नं झालीत.

"आन् सातवा?"

"सातव्याला सवड न्हाई."

"रोज हितं येऊन उभं ऱ्हायला सवड हाय," कावेरी म्हणाली. दातांत दोरा धरलेला होता म्हणून तिला पुढं हसता आलं नाही.

*

कावेरीच्या अक्षरात, पुठ्ठ्यावर, खिळ्याला अडकवलेलं:

पुढची उजवी — चीर, मागून कापड लावून बुजवणे. काथ्या बदलणे.
पुढची डावी — पाठ घासलेली. रंग.
झाकणं, मुठी — तडे आतून जाळी घालून वितळवणे.
मागची — ?

खाली दुसऱ्या अक्षरात, तेलकट बोटाच्या ठशासकट:

फिटर — दोनदा चहा, साखर कमी.

*

कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. मग एक दिवस नुसतं वाळू द्यायचं, हात लावायचा नाही. चिरेच्या आत कापड सरकवायचं, डिंक लावायचा, वरून भरण पातळ पातळ थरात घालायचं, आणि प्रत्येक थरानंतर केसांच्या मशीननं ऊब द्यायची. घाई केली की फुगतं. ओलं असतानाच जुन्या रेक्झिनच्या ठशानं वर दाणा उठवायचा, म्हणजे जखम दिसत नाही.

"दिसत न्हाई, पर असती," हनुमान म्हणाला.

"असती की. बोट फिरवलं की लागती." तिनं त्याचं बोट धरून त्या जागेवरून फिरवलं. शिकवण्यासाठी. तेवढ्यासाठीच... पण नंतर ते बोट कुणी सोडायचं हे दोघांनाही ठरवता येईना. शेवटी कुणीतरी बाहेरून फोमचा भाव विचारला.

*

इंजिन त्यानं स्वतःच चालू केलं. पाच सकाळी बॉनेटमध्ये वाकून. पहिल्यांदा धडधडलं तेव्हा तार बाहेरून जोडून. कावेरीनं एकदा, दोनदा, दहादा सांगितलं: चालकाची सीट तयार आहे, बसून बघा. तो म्हणायचा, उभाच बरा आहे.

तिच्या वडिलांचा नियम होता. मालक बसल्याशिवाय शेवटचा टाका घालायचा नाही. माणसाच्या वजनानं काथ्या दबतो, स्प्रिंग आपली जागा धरते, मगच शिवण बंद करायची. नाहीतर सीट वर्षभरात एका बाजूला कलते. कावेरीनं सुई सीटमध्ये टोचून ठेवली होती. दोऱ्यासकट. आठ दिवस ती तशीच होती.

"बसा," ती म्हणायची.

तो उभा.

*

वीरेशकडचे लोक सोमवारी होकार न्यायला येणार होते. मल्लिनाथांच्या मागं दुकान तिच्या काकांच्या, योगीराज अप्पांच्या नावावर होतं. काकांनी सगळं नीट जुळवून आणलं होतं. मुलगा आपल्यातला, घर खातंपितं. अट एकच: सून मशीनवर बसणार नाही. गाड्यांखाली वाकणारी, गिऱ्हाइकांच्या गाड्या चालवून लावणारी बाई दुकानदाराच्या घरात शोभत नाही. होकार गेला की दुसऱ्या दिवशी कुशनच्या दुकानाला भाडेकरू मिळणार होता.

आई, मल्लम्मा, म्हणाली होती, तुला दुसरं कुणी सुचतंय का? विचारायचं म्हणून विचारलं होतं. रोज पत्र्याखाली उभा राहणारा माणूस तिलाही दिसत होता. त्याची जात विचारायची कुणाला गरज नव्हती. ती सगळ्यांना माहीत होती.

कावेरीनं शुक्रवारी हनुमानला सांगितलं. सोमवारचं. तो स्पॅनर पुसत होता. तिला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं, आणि ते मिळालं तर ती काकांसमोर उभी राहणार होती. हे ती बोलली नाही. पण जितकं न बोलता सांगता येतं तितकं सगळं तिनं सांगितलं. मशीन थांबवलं. पदर सावरला. त्याच्याकडं बघितलं.

तो म्हणाला, "पोरगं चांगलं हाय का?"

"फोटोत हाय."

"मग बरं."

तिनं मशीन चालू केलं. पुढचे दोन वार कापड तिनं वाकडं शिवलं.

*

शनिवारी मागची सीट राहिली होती.

ती तिनं बाहेर काढून दोन स्टुलांवर ठेवली. वर अंथरलेलं पांढरं काहीतरी म्हणजे खताची गोणी होती, बाजूनं चिरून सपाट केलेली. इतकी वर्षं रेक्झिनवर पडून ती त्याला चिकटली होती, कातड्यावर कातडं चिकटावं तशी. केसांच्या मशीनची ऊब देत देत कावेरीनं ती सकाळपासून वीतवीत सोडवत आणली. खालचं रेक्झिन डाळिंबी होतं. अगदी तसंच. ना चीर, ना डाग. फक्त मधोमध गोणीवरची छपाई त्यात उतरली होती, निळी, उलटी. शाई रेक्झिननं पिऊन घेतली होती.

हनुमान आला तेव्हा तिनं फियाटचा बाजूचा आरसा काढून त्या अक्षरांसमोर धरला होता. तिला अजून कालचा राग होता, आणि राग आला की ती जास्तच हसरी व्हायची. आरशात बघून तिनं मोठ्यानं वाचलं. युरिया. पन्नास किलो. खाली, बारीक अक्षरात, हमालांसाठीची सूचना—

"हुक लावू नये," ती म्हणाली. "हनुमानराव, तुमच्या बी पाठीवर घरच्यांनी असंच छापून ठिवलंय व्हय?"

तो पायरीवरच थांबला. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कुणाचाच नाही असा झाला.

कावेरीनं आरसा खाली ठेवला.

*

त्यानं सांगितलं ते एका दमात नाही. मधे दोन गिऱ्हाइकं आली, गेली. एकदा तो बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.

त्याची मोठी बहीण, वनमाला. बाळंतपणाला माहेरी आली होती. बारा वर्षांपूर्वी, भर दुपारी, दिवस भरायच्या आधीच तिला रक्त जायला लागलं. नांदूरघाटहून बीडला न्यायचं, दारात गाडी उभी. त्याच्या वडिलांनी, आश्रुबांनी, ही फियाट जपलेली. सीटवर धूळ बसली तरी बनियननं पुसायचे. ते रानात होते. गाडी चालवणारा घरात हनुमानच, एकोणीस वर्षांचा. आई वनमालाला धरून अंगणात आली आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की सीट खराब होईल.

गोधडी आणली. मग वाटलं, गोधडीतून झिरपतं. गोठ्यात युरियाची गोणी होती, अर्धी. ती रिकामी केली. विळा शोधला. चिरली. आतून वास यायला लागला म्हणून हौदावर नेऊन धुतली. झटकली. अंथरली. चारही कोपरे नीट खोचले.

"वीस मिनिटं," तो म्हणाला. "जास्तच. आई हाका मारत व्हती. मी म्हनलं, आलोच."

बीडच्या अलीकडं वनमाला बोलायची थांबली. बाळही तिच्या पोटातच गेलं. सीटवर एक थेंब लागला नाही. आश्रुबांनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त गाडी गोठ्यापाशी उघड्यावर लावली आणि पुन्हा कधी पुसली नाही. त्यानंतर हनुमान त्या गाडीत बसला नव्हता. कुठल्याच गाडीत चालकाच्या जागी बसला नव्हता. ट्रॅक्टर तेवढा त्याला चालायचा, कारण त्यावर कुणाला झोपवून न्यायची वेळ येत नाही.

मग तो कावेरीकडं बघून म्हणाला, आणि हे वाक्य त्यानं बहुतेक खूप दिवस जवळ बाळगलं होतं, कारण ते अजिबात अडखळलं नाही:

"माझ्या घरात बाई आली, की तिला कधीतरी काहीतरी व्हणार. आन् त्या टायमाला मी काय करंल, ते मला माहीत हाय. मला दुसऱ्यांदा गोणी शोधायची न्हाई."

*

कावेरीनं त्याला समजावलं नाही. तू लहान होतास, असं म्हटलं नाही. ते त्याला बारा वर्षांत कुणी ना कुणी म्हटलं असणार, आणि ते रंगासारखं वरचं वर राहिलं असणार.

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ही शाई निघत न्हाई," ती म्हणाली. "वरून रंग मारला तर सहा महिन्यांत परत वर येती. काढायचीच म्हनलं तर तेवढं रेक्झिन कापून नवं घालावं लागंल."

"तुमी काय कराल?"

"मी कुशनवाली हाय. मालक सांगंल ते."

रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. मग तो म्हणाला, राहू द्या. कापू नका. रंग बी नको.

"मग बसा."

तो उभा.

"आमच्यात गेलेल्या माणसाला बी बसवत्यात," कावेरी म्हणाली. आवाज वर गेला नाही, उलट इतका खाली आला की त्याला पुढं वाकावं लागलं. "माझ्या बापाला मी बसलेलं बघितलंय, डोळे मिटल्यावर. तुमी जितं असून बारा वर्षं उभं. किती दिवस बघू मी? सोमवारपतोर?"

पत्रा उन्हानं तडतडत होता. हनुमाननं चपला काढल्या. देवळात काढाव्या तशा, एकाशेजारी एक. मग तो स्टुलांवरच्या त्या सीटच्या कडेला टेकला, आणि सरकत, सरकत, निळ्या उलट्या अक्षरांवर येऊन बसला. स्प्रिंगा कुरकुरल्या. काथ्या दबला. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

कावेरीनं वाकडी सुई घेतली. त्याच्या पायाशी खाली बसून तिनं त्याच्या वजनावर मागच्या सीटच्या कडेच्या सुटलेल्या शिवणीचा शेवटचा टाका घातला. दोरा तोडायला वाकली तेव्हा तिचं कपाळ त्याच्या गुडघ्याला लागलं, आणि तिनं ते लगेच उचललं नाही.

"कावेरी," तो म्हणाला. इतक्या दिवसांत नुसतं नाव पहिल्यांदाच. "सोमवारी न्हाई म्हन."

"एवढंच?"

"आन्... माझ्यासंगं चल."

"गाडी कोन चालवनार?"

त्यानं डोळे मिटले. "तू," तो म्हणाला. "मला आत्ता नुसतं बसताच येतंय."

"तेवढं पुरंल," ती म्हणाली. "आज तरी."

*

सोमवार सांगण्यासारखा नाही. काकांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं. वीरेशकडचे लोक चहा अर्धा टाकून उठले. काका म्हणाले, तुझा निर्णय तू घेतलास, दुकानाचा मी घेतो, बुधवारपर्यंत तुझं सामान काढ. आणि आईकडं वळून म्हणाले, वहिनी, इथून पुढं हिचं नाव आपल्या घरात नको. मल्लम्मा चुलीकडं तोंड करून बसली होती. तिनं मान हलवली. होकाराची की थरथरीची, ते कावेरीला मागून कळलं नाही.

नांदूरघाटात दार उघडेल की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं. हनुमाननं फोनवर वडिलांना सांगितलं होतं, गाडी घेऊन येतोय, आणि सोबत कोण आहे तेही. पलीकडून आश्रुबांनी एवढंच विचारलं, की कुठली गाडी. मग फोन ठेवून दिला.

*

बुधवारी सकाळी कावेरीचं शिवणयंत्र फियाटच्या मागच्या सीटवर चढवायचं होतं. जुनं, लोखंडी, वडिलांचं. तेल गळायचं. हनुमाननं एका बाजूनं धरलं, टपरीवाल्यानं दुसऱ्या.

तेवढ्यात मल्लम्मा गल्लीतून आली. डोक्यावर पदर, हातात घडी केलेलं पोतं. मुलीकडं तिनं पाहिलं नाही. गाडीच्या दारापाशी येऊन, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "तेल लागंल. सीट खराब व्हईल. खाली आंथरा हे."

हनुमान यंत्राचं वजन पोटाशी धरून उभा होता. दंडाच्या शिरा फुगलेल्या. तो त्या पोत्याकडं बघत राहिला.

"ऱ्हाऊ द्या, काकू," तो म्हणाला. "व्हऊ द्या खराब."

आणि त्यानं यंत्र सरळ डाळिंबी रेक्झिनवर ठेवलं. पायाशी काळ्या तेलाचा एक थेंब उतरला, पसरला. कुणीच तो पुसला नाही.

मल्लम्मानं पोतं परत काखेत घेतलं. जाताना तिचा हात गाडीच्या टपावरून फिरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लोक म्हणतील, धूळ झाडली. मग ती वळली आणि मागं न बघता गल्लीत शिरली. कावेरी तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. हाक मारली नाही. मारली असती तर आईला थांबावं लागलं असतं, आणि मग जाता आलं नसतं.

चालकाच्या सीटमधली सुई काढून कावेरीनं पदराला खोचली आणि ती तिथं बसली; तो टाका अजून राहिलाच होता. हनुमान शेजारी. त्याचे हात परत मांडीखाली गेले होते. गावाबाहेर पडेपर्यंत ते तसेच होते. पुढं रस्ता उंचसखल झाला, मागं यंत्र खडखडलं, आणि त्यातला एक हात बाहेर आला. गिअरच्या दांडीवर तिचा हात होता, त्याच्यावर जरा वेळ टेकला. थंड होता.

"हळू नेऊ का?" तिनं विचारलं.

"नगं," तो म्हणाला. "चालू दे अशीच."

*

हनुमानला गाडी चालवायला वनमालानं शिकवलं होतं, नांदूरघाटच्या बाजारतळावर, बाजार नसलेल्या एका दिवशी, तो सोळा वर्षांचा असताना.